वेळेअभावी

काल्याचं कीर्तन आटोपून बराच वेळ झाला होता. मंडपाच्या मागं चुलवणावरच्या काहिलीत खपली गव्हाची खीर रटरटत होती. वेलदोडा, गूळ आणि ओल्या जळणाचा धूर यांचा मिळून एक वास थेट व्यासपीठापर्यंत येत होता. बायका पदरानं वारा घेत होत्या, पोरं पंगतीत जागा धरायला कधीच पसार झाली होती. आमच्याकडं पारायण सोहळ्याच्या शेवटच्या दिवशी काला, सत्कार आणि महाप्रसाद असा क्रम ठरलेला आहे, आणि यात सत्कार बिचारा मधे अडकतो. एकीकडं कीर्तन लांबतं, दुसरीकडं भूक लागते. त्या दिवशी पाहुण्यांची भाषणंही लांबली. लोकप्रतिनिधींनी सभामंडपाला निधी देण्याचं आश्वासन दिलं, ते मागच्या वर्षीही दिलं होतं. शेवटी सूत्रसंचालकानं घड्याळ बघितलं, पंच कमिटीच्या अध्यक्षांनी खालून हातानं ‘उरका’ अशी खूण केली, आणि माईकवरून घोषणा झाली, की वेळेअभावी मानपत्राचं वाचन न करता ते सत्कारमूर्तींना प्रदान करण्यात येत आहे. पहिल्या रांगेत बसलेल्या तात्यांनी, म्हणजे आमच्या पंढरपूरच्या दिंडीच्या चालकांनी, मान वळवून मी कुठं बसलोय ते शोधलं. नजरानजर झाली तेव्हा ते काही बोलले नाहीत. उठले, फेटा सावरला आणि पायऱ्या चढले. काचेच्या चौकटीतलं ते मानपत्र हातात आल्यावर त्यांनी एकदा त्याच्याकडं निरखून बघितलं. वरच्या बाजूला विठोबाचं चित्र छापलं होतं, त्यावरून सरळ कुठलं आणि उलटं कुठलं ते कळत होतं. ते चित्र नसतं तर कळलं नसतं, कारण तात्यांना वाचता येत नाही.

मानपत्र मी लिहिलं होतं.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून आमच्या भागातली बरीचशी मानपत्रं माझ्या दारात येतात. मराठी शाळेत उभं आयुष्य गेलं म्हटल्यावर ‘गुरुजींचं मराठी चांगलं’ असा एक समज असतो, आणि फुकटात काम होतं हा त्याहून पक्का समज. बेळगावजवळच्या मार्कंडेय नदीच्या दोन्ही काठांवरच्या गावांत असा एखादा गुरुजी असतोच. हिवाळ्यात आमच्या हाताला उसंत नसते. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशी एकेका गावाची साहित्य संमेलनं, गावोगावचे सप्ताह, युवक मंडळांचे वर्धापन दिन, पतसंस्थांचे समारंभ, आणि प्रत्येक ठिकाणी ‘समाजातील निःस्वार्थ सेवाभावी व्यक्तींचा सत्कार’ हा एक कलम ठरलेला. मानपत्राची एक भाषा असते आणि ती मला झोपेतही येते. माणूस कुणीही असो, त्याच्या कार्याचा सुगंध दरवळत असतो, त्याचं जीवन चंदनाप्रमाणे झिजलेलं असतं, आणि आमच्या शब्दांत त्याचं वर्णन करण्याचं सामर्थ्य नसतं. सामर्थ्य नाही असं लिहून पुढं पाऊणभर पान वर्णन केलेलं असतं. हे सगळं मी लिहितो. न लिहिलं तर मानपत्र कोरडं झालं अशी तक्रार येते, आणि ती तक्रार सत्कारमूर्तींची नसते, कमिटीची असते. ज्याचा सत्कार त्याचं त्या मजकुरावर काही म्हणणं असेल असं कुणाच्या सहसा मनात येत नाही.

तात्यांचं होतं. माहिती घ्यायला त्यांच्या घरी गेलो तेव्हा तिन्हीसांज झाली होती. सोप्यात घोंगडं अंथरलेलं, खुंटीला वीणा, तिच्यावर धुतलेला पंचा झाकलेला. शेजारच्या गोठ्यात म्हैस एकसारखी घंटा वाजवत होती. काकूंनी गुळाचा चहा आणला, बशीत ओतून दिला, आणि दारातच उंबऱ्याला टेकून बसल्या. दिंडी कधी सुरू केली, आधी कोण चालक होते, किती माणसं जातात, वाटेत मुक्काम कुठं कुठं, हे मी विचारत गेलो. तात्या सांगत होते, पण त्यांचं लक्ष दुसरीकडं होतं. शेवटी त्यांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, “गुरुजी, माझं कौतुक काय लिव्हायचं ते लिव्हा. खरं एक वाक्य चुकवू नका. दिंडीचा पै-पैचा हिशेब दरसाल देवळात वाचून दाखवला, असं घाला.” मी म्हटलं घालतो. तरी थांबून पुन्हा म्हणाले, “माईकवर वाचतील न्हवं?”

यामागची गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी, देवळाच्या सभामंडपाचं काम चालू असताना, वर्गणी गोळा करायची जबाबदारी दिंडीवर होती, म्हणजे तात्यांवर. त्याच वर्षी त्यांनी घरावरची जुनी नळीची कौलं उतरवून मंगलोरी कौलं चढवली. पारड्या विकून आलेल्या पैशातून चढवली हे गोठा बघितला असता तर कळलं असतं, पण गोठा कोण बघतो. मारुतीच्या कट्ट्यावर कुणीतरी म्हणालं, विठोबाचा मंडप अजून वर येईना, खरं विठोबाच्या माणसाचं घर मात्र शाकारून झालं. हशा पिकला. बस, एवढंच. तोंडावर कुणी कधी विचारलं नाही, बैठकीत विषय निघाला नाही, पंचांनी वही मागितली नाही. आरोप कुणी केलाच नव्हता, त्यामुळं तो खोडायची सोयही नव्हती. तात्यांनी पुढच्या वर्षापासून एक केलं. दिंडी परत आली की येणाऱ्या अमावास्येला देवळात बसून हिशेब वाचायचा. तांदूळ किती पायल्या जमले, डाळ किती, टेंपोचं भाडं, पाण्याच्या टँकरचे पैसे, आजारी पडलेल्याला लावलेलं सलाईन, उरले किती. वाचायचं कुणीतरी पोरानं, आकडे तोंडपाठ तात्यांना. पोरगा चुकला तर ते डोळे मिटूनच दुरुस्त करायचे. ऐकायला जेमतेम दहा-बारा माणसं, त्यातली निम्मी आधीपासूनच त्यांच्या बाजूची. ज्यांनी ऐकायला हवं होतं ती मंडळी अमावास्येला कधी आली नाहीत. काल्याला मात्र झाडून सगळा गाव येतो.

सत्काराच्या दिवशी तात्यांच्या अंगात नवा पांढरा सदरा होता, पायजम्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. फेटा कुठल्या रंगाचा बांधणार हे त्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं. माझ्या मागं बसलेला एक जण शेजाऱ्याला म्हणाला, माळ घातलेल्या माणसाला एवढी हौस बरी नव्हे. माझ्याही मनात तसंच काहीतरी येऊन गेलं होतं, खोटं कशाला बोला. देवाच्या नावानं काम करणाऱ्यानं निरिच्छ असावं, सत्काराला बोलावलं तर संकोचानं अर्धमेलं व्हावं, शाल अंगावर पडली की ती लगेच दुसऱ्याच्या अंगावर घालावी, असं एक चित्र आपण डोक्यात धरून बसलेलो असतो. ते चित्र सोयीचं असतं. अशा माणसाचं आपण काही देणं लागत नाही. मागं बसलेल्या त्या माणसाला मी ओळखतो, त्याच्या बैठकीच्या खोलीत सन्मानचिन्हांसाठी वेगळं कपाट आहे, आतून दिव्याची सोय केलेलं.

सत्काराच्या याद्या कशा होतात हे एकदा जवळून बघावं. कमिटी देवळात बसते. आधी देणगीदार येतात, कारण सन्मानचिन्हं, फेटे आणि शाली यांचा खर्च ज्यांनी उचलला त्यांना खाली बसवता येत नाही. मग गल्ल्या येतात. पाटील गल्लीतले दोन झाले, खालच्या गल्लीतला एकच कसा? मग भावक्या, मग समाज, मग पलीकडच्या गल्लीतल्या लिंगायत घरातलं एखादं नाव, कारण सोहळ्याला ते खांद्याला खांदा लावून राबतात आणि ते खरंच राबतात. मग ‘यंदा निवडणूक आहे’ असं कुणीतरी हळूच म्हणतो. कुणाचं नाव घेतलं तर कोण रुसेल याचाच हिशेब जास्त होतो, कुणी काय केलं याचा कमी. फलक छापायला जातो तेव्हा कर्नाटकातल्या नियमाप्रमाणे वरचा साठ टक्के भाग कन्नडला सोडून उरलेल्यात एवढी नावं बसवायची असतात, त्यात फोटो. चेहरे एवढे बारीक होतात, की आपला कुठला ते ज्याचं त्यालाच शोधावं लागतं. कोरोनाच्या काळात तर यादीचीही गरज उरली नव्हती. मोबाइलवर नाव भरलं की ‘कोरोना योद्धा’ असं प्रमाणपत्र येत होतं, आमच्या शेजारच्या दुकानदाराला तीन आली होती. त्याच दिवसांत सदाशिवनगरच्या स्मशानात, घरच्या माणसांनी लांब उभं राहून नुसते हात जोडले तेव्हा, ज्या पोरांनी पीपीई किट घालून प्रेतं उचलली त्यांत हिंदू होती, मुसलमान होती, आणि त्यांतली बरीच पुन्हा आपापल्या गॅरेजला नाहीतर गवंडीकामाला निघून गेली. त्यांचं मानपत्र लिहायला मला कुणी बोलावलं नाही.

हे सगळं लिहून मी सत्कारांवर तोंडसुख घेतोय असं वाटेल. तसं नाही. माणसाला माणसानं चारचौघांत चांगलं म्हणणं ही गरजेची गोष्ट आहे. आमच्याच वाटेनं जाणाऱ्या परंपरेत ती करायच्या किती तरी चांगल्या रीती आहेत, आणि त्या मी लहानपणापासून बघत आलोय. सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. सात दिवस, रात्रंदिवस, ती कुणाच्या तरी गळ्यात हवी. पहारे लावलेले असतात. रात्री अडीचच्या सुमाराला पहारा बदलताना बघावा. थंडीत कानाला मफलर गुंडाळून दुसरा विणेकरी येतो, देवाला हात जोडतो, पहिला गळ्यातली वीणा काढून त्याच्या गळ्यात घालतो, मग हा त्याच्या पाया पडतो आणि तो ह्याच्या. वय, जात, शेत किती एकर, कशाचा संबंध नाही. आजोबा नातवाच्या वयाच्या पोराच्या पाया पडतात आणि पोरगा गोंधळत नाही, त्याला ते सवयीचं असतं. तिथं टाळ्या नसतात, मंडपात दोघे-चौघे झोपलेले असतात. वीणा घेणाऱ्याला मिळतं काय, तर पुढचे दोन तास जागं राहायचं काम. आणि सकाळी गावात ‘रात्री कुणाचा पहारा होता’ असं कुणी विचारलं तर नाव निघतं, तेवढंच.

अंकलीच्या घोड्यांचंही तसंच. चिकोडी तालुक्यातलं कृष्णाकाठचं हे गाव. हैबतबाबांनी १८३२ साली माउलींच्या पालखीचा सोहळा सुरू केला, तेव्हापासून अंकलीच्या शितोळे सरकारांकडं माउलींच्या अश्वांचा मान आहे. दरवर्षी ज्येष्ठात दोन घोडे अंकलीहून निघतात आणि अकरा-बारा दिवस चालत, सुमारे तीनशे किलोमीटरवरच्या आळंदीला पोचतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो, दुसऱ्यावर कुणीच नसतं, ते माउलींचं आसन. रिंगणात तो रिकाम्या पाठीचा घोडा सुटला की लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. पण मी बघतो ते वाटेवरचं. मिरज-सांगलीकडं जाताना गावोगाव लोक रस्त्यावर उभे असतात, बायका घागरभर पाणी घोड्यांच्या पायावर ओततात. आणि त्या घोड्यांना धरून चालणारी माणसं? त्यांना पाण्याची, चाऱ्याची, खुरांची, डांबर तापायच्या आत पुढचं गाव गाठायची चिंता. एवढा मोठा मान, त्याचं रोजचं रूप म्हणजे पहाटे उठून खरारा करणं. महाराष्ट्र-कर्नाटक सीमा कुणी कुठं आखली याच्याशी त्या घोड्यांना देणंघेणं नाही, असं एक वाक्य इथं टाळी घ्यायला हमखास वापरतात. मी वापरत नाही. सीमा आहे, १९५६ पासून आहे, आणि त्या दिवशीच्या आमच्या कार्यक्रमालाही पोलिसांची परवानगी घ्यावी लागली होती.

आणि मग ती पायरी. नामदेव पंढरपूरच्या महाद्वारात पायरी झाले, हैबतबाबा आळंदीच्या महाद्वारात. प्रत्येक सत्कार समारंभात कुणीतरी वक्ता हे सांगतोच, त्या दिवशीही सांगितलं. सांगायला काहीच हरकत नाही. मला एकच खटकतं. हा दाखला नेहमी शाल घेणाऱ्याला ऐकवला जातो. शाल देणाऱ्याला, मधल्या खुर्चीवर बसलेल्याला, फलकावर सगळ्यात मोठा फोटो असलेल्याला पायरी व्हायचं कुणी सुचवत नाही.

त्या दिवशीचं सगळ्यात चांगलं भाषण शेजारच्या मठाच्या स्वामीजींचं झालं. अर्धं कन्नड, अर्धं मराठी, आणि सगळं मिळून पाच मिनिटं. त्यांनी विजयपूरच्या ज्ञानयोगाश्रमाच्या सिद्धेश्वर स्वामीजींची आठवण काढली. आमच्या भागात ते नाव निघालं की सभा आपोआप शांत होते, मग सभा मराठी असो की कन्नड. ते मराठीतही प्रवचन करायचे, पहाटेच्या थंडीत हजारो माणसं मैदानात बसून ऐकायची. त्यांच्या सदऱ्याला खिसा नव्हता, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. २०१८ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्यांनी ती नम्रपणे नाकारली. २ जानेवारी २०२३ ला ते गेले, तेव्हा अथणी-चिकोडीकडून लोक रात्रीच्या रात्री गाड्या करून विजयपूरला गेले. स्मारक बांधू नका असं ते लिहून गेले होते. मला या माणसाबद्दल फार आदर आहे. पण स्वामीजी बोलत असताना माझं लक्ष पहिल्या रांगेतल्या तात्यांकडं होतं, आणि मनात येत होतं, की नाकारायला आधी कुणीतरी द्यावं लागतं. सगळं जग ज्याला ओळखतं त्यानं पुरस्कार परत पाठवला तर त्याची उंची वाढते. ज्याच्याबद्दल कट्ट्यावर एकदा हसून झालंय, त्यानं सत्कार नाकारला असता तर लोक काय म्हणाले असते? म्हणाले असते, बघा, तोंड दाखवायची लाज वाटली.

तात्यांनी गावासाठी काय केलं हे लिहायला बसलो तेव्हा एक अडचण आली होती. त्यांनी ‘समाजसेवा’ अशी कधी केलीच नाही. २०१९ च्या ऑगस्टमधलं घ्या. त्या पावसात अख्ख्या जिल्ह्याची दैना झाली, कृष्णेकाठी तर गावंच्या गावं उठवावी लागली. आमच्याकडं मार्कंडेयचं पाणी शिवारात शिरलं, नुकती लावण झालेली भातं दिसेनाशी झाली, आणि नदीकाठच्या वस्तीतली माणसं पोरंबाळं, म्हशी, ट्रंका घेऊन शाळेत आली. सरकारी माणूस यायला दोन दिवस लागले. देवळात त्याच संध्याकाळी चूल पेटली. कुणी बैठक घेतली नाही, समिती नेमली नाही. सप्ताहाच्या काहिली देवळाच्या माळ्यावर होत्या त्या खाली आल्या. कुणाच्या घरून किती तांदूळ येतात ही यादी तात्यांच्या डोक्यात होती, त्याच क्रमानं पोरं फिरली. पहाऱ्याचे गट पाडलेलेच होते, वीणेऐवजी ते चुलीजवळ, शाळेत, रात्री बांधावर उभे राहिले. भजनी मंडळातला एक जण नावाजलेला पोहणारा, त्यानं ट्रकच्या ट्यूबवरून औषधं पोचवली. पाणी ओसरेपर्यंत हे चाललं. मानपत्रात मी ‘आपत्तीच्या प्रसंगी आपण केलेलं नेतृत्व’ असं लिहिलं, आणि वाचून दाखवलं तेव्हा तात्या म्हणाले, “नेतृत्व कसलं, काहिली आमच्याकडं हुत्या म्हणून.” विनय नव्हता तो. काहिली, याद्या आणि रात्री जागायची सवय या तिन्ही गोष्टी ज्याच्याकडं तयार आहेत त्याच्याकडं पूर आल्यावर लोक येणारच. कुणाच्या घरी मौत झाली तर डॉक्टरच्या आधी टाळकरी पोचतात आमच्याकडं, आणि तिरडी उठेपर्यंत ओसरीत भजन थांबत नाही. घरातल्या बायकांना मोकळं रडता यावं म्हणून तो आवाज लागतो. हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

हिशेबाचं वाक्य मी अगदी मधोमध घातलं होतं, चंदन आणि सुगंध यांच्या मधे. माईकवर चांगलं ठळक आलं असतं. सूत्रसंचालकाला मी खुणेनं सांगायचा प्रयत्नही केला, निदान एक परिच्छेद तरी वाच, पण त्यानं मनगट वर करून घड्याळ दाखवलं. तोवर फोटो निघाले होते, लोक उठले होते, पहिल्या पंगतीत पत्रावळी पडल्या होत्या.

आठवडाभरानं त्यांच्या घरावरून जात होतो, तर आतून वाचनाचा आवाज आला. नातू वाचत होता. तो शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पिवळ्या बसनं जातो. मराठी तो घरात बोलतो, शाळेत कन्नड आणि इंग्रजी लिहितो. ‘निःस्पृह’ या शब्दापाशी तो अडला, मग ‘कृतज्ञता’पाशी अडला. तात्या घोंगड्यावर मांडी घालून, डोळे मिटून ऐकत होते, जसे अमावास्येला आकडे ऐकतात. हिशेबाचं वाक्य आलं तेव्हा त्यांनी हात वर केला. “हां, ते परत वाच.” पोरानं परत वाचलं. या वेळी न अडखळता. मग ते मला म्हणाले, “बसा की गुरुजी, बरं लिव्हलासा.” मी बसलो. चौकट भिंतीवर कुठं लावणार असं विचारलं, तर म्हणाले लावायची नाही. आतल्या खोलीत पत्र्याची ट्रंक आहे, तिच्यात दिंडीच्या सगळ्या वर्षांच्या शंभर पानी वह्या आहेत, कडा वाळवीनं थोड्या खाल्लेल्या. मानपत्र त्यांच्यावर ठेवलं. काच फुटू नये म्हणून काकूंनी वर जुनं लुगडं घडी करून घातलं. मला क्षणभर वाईट वाटलं, एवढी चांगली सोनेरी चौकट. नंतर वाटलं, त्यांच्या लेखी ती पावती आहे, आणि पावतीची जागा भिंतीवर नसते.

काकूंवर मानपत्रात एक ओळ होती. ‘आपल्या सहधर्मचारिणीची मोलाची साथ लाभली’, ही ओळ मी सगळ्यांच्याच मानपत्रात घालतो. आषाढी येते ती आमच्याकडं रोप लावणीच्या तोंडाला. तात्या पंढरपूरला चालत गेले की चिखलात वाकून लावण कुणी केली, म्हशीचं दूध डेअरीला कुणी घातलं, सासऱ्यांच्या शेवटच्या आजारपणात रात्री कुणी काढल्या, हे त्या ओळीत मावत नाही. आणि लावण आटोपून याच बाया सप्ताहात भाकरीला बसतात. पुराच्या वेळी देवळात चूल पेटली असं मी वर सहज लिहून गेलो. पेटवली बायकांनी. आमच्या कमिटीच्या यादीत आजवर बाईचं नाव एकदाच आलं होतं, तेही पंचायतीच्या अध्यक्षा म्हणून.

यंदाच्या यादीच्या बैठकीत मी हे बोललो. जरा कुरकुर झाली, मग सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि एक नाव एकमतानं निघालं. खालच्या गल्लीतल्या आक्का. रोज पहाटे काकड्याच्या आधी देऊळ झाडून सडा-रांगोळी करणाऱ्या, आणि सप्ताहात भाकरीचं सगळं बघणाऱ्या. पीठ किती मळायचं, कुठल्या चुलीवर कोण, कुठल्या सुनेला कडेवरच्या पोरासकट बसवायचं आणि कुणाला घरी पाठवायचं, सगळं त्यांच्या शब्दावर चालतं. वही-पेन घेऊन मी त्यांच्याकडं गेलो. त्या परड्यात मसुरीच्या शेंगा बडवत होत्या, धुरोळ्यानं भुवया पांढऱ्या झालेल्या. सत्कार म्हणजे काय काय असतं, फेटा बायकांना बांधतात का, साडी कुठली नेसायची, हे त्यांनी नीट विचारून घेतलं. खूश दिसल्या. मग हातातलं बडवणं थांबवून म्हणाल्या, “खरं गुरुजी, कार्यक्रम काल्याच्या दिवशी दुपारी न्हवं? त्या टायमाला मी वर जाऊन बसले तर खाली भाकरीचं कोण बघणार?” पंगत उठल्यावर करा म्हणाल्या, सगळ्यांची जेवणं होऊ देत, भांडी निघू देत, मग बोलवा. वेळ किती का होईना, तोवर त्या मोकळ्या असतात.

मी हे कमिटीला कळवलं आहे. एक जण म्हणाला चांगली कल्पना आहे, लोकही पोटभर जेवून निवांत ऐकतील. दुसरा म्हणाला, पंगत उठेपर्यंत पाहुणे थांबणार आहेत का, साहेबांना त्याच दिवशी खानापूरला दुसरा कार्यक्रम आहे. त्यावर तिसऱ्यानं, ‘मग साहेबांना जेवायला वाढा आणि जाऊ द्या’ असं सुचवलं, आणि तिथून बैठकीला जो रंग चढला तो रात्री अकरापर्यंत उतरला नाही. पुढची बैठक एकादशीला ठेवली आहे.